मस्कतची पत्रं आणि एक प्लगपाना

मित्रांनो, तुमच्या घरी मोटरसायकल असेल, तर तिच्या इंजिनात बोटभर लांबीची एक वस्तू बसवलेली असते. तिला स्पार्क प्लग म्हणतात. पेट्रोलला ठिणगी द्यायचं काम ती करते. ठिणगी पडली नाही, तर गाडी कितीही चांगली असो, जागची हलत नाही. हा प्लग काढायला आणि बसवायला लोखंडाची जी जाड नळी लागते, ती मी, म्हणजे प्लगपाना. माझं एक तोंड षटकोनी आहे आणि दुसऱ्या टोकाला आरपार भोक आहे. त्या भोकात सळई घालून मला फिरवतात. दिसण्यासारखं माझ्यात एवढंच. पण एका माणसाच्या हातून मी घडलो आणि त्याच हातांची वाट बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, १९९३ सालचा. तिथं एका कारखान्यात बाबासो कांबळे नावाचे टर्नर होते. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, त्यांचा हात असा बसलेला की लोक लांबून काम घेऊन यायचे. पण तो कारखाना बंद पडत होता आणि बाबासोंना मस्कतला नोकरी लागली होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी कोपऱ्यात पडलेला एक लोखंडी दांडका उचलला, लेथला लावला आणि आतून पोखरला. मग भट्टीत लालभडक तापवून माझ्या तोंडात षटकोनी ठोकणी हाणली. ते घाव मला अजून आठवतात.

शेजारच्या लेथवरचे कृष्णात म्हणाले, "बाबासो, बाजारात तयार मिळतोय की प्लगपाना."

"मिळतोय. पत्र्याचा असतोय. चार वेळा फिरवला की तोंड पसरतंय, मग प्लगची चिनी माती फुटती."

"पण तू तर चाललाईस मस्कतला. तुला कशाला पायजे?"

"मला न्हवं," बाबासो म्हणाले. "शेवंताला."

शेवंताबाई त्यांच्या पत्नी. पेठ वडगावजवळच्या एका गावात सरकारी उपकेंद्रात त्या नर्स होत्या आणि उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत दोघं राहायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. शेवंताबाईंचं काम मळ्यामळ्यांवर फिरण्याचं. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, बाळांची वजनं घ्यायची. बाबासोंकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारी. तिच्यावरून ते रोज कोल्हापूरला जायचे आणि सकाळ-संध्याकाळ शेवंताबाईंना मळ्यावर सोडायचे. आता ते जाणार, तर गाडी शेवंताबाईंनाच चालवावी लागणार होती.

रविवारी सकाळी अंगणात पहिला धडा झाला.

"आधी भोवतीची धूळ फुंकून टाक," बाबासो म्हणाले. "न्हायतर प्लग निघाला की धूळ सरळ इंजिनात. आता पाना लाव. उभा लाव, तिरका न्हाय."

शेवंताबाईंनी मला घट्ट धरलं आणि फिरवलं. प्लग सुटला. बाबासोंनी तो शेवंताबाईंच्या तळहातावर ठेवला.

"ह्याचं टोक बघ. भाजलेल्या बिस्किटागत रंग असला की बरं चाललंय. काळा, ओला असला तर ऑईल जळंना झालंय. पांढराफटक असला तर इंजिन लई तापतंय."

"म्हंजे जिभेगत," शेवंताबाई म्हणाल्या. "पेशंटची आमी आधी जीभ बघतो, तसं."

बाबासो हसले. "व्हय. जिभेगतच."

मग त्यांनी खिशातून करवतीच्या पात्याचा एक तुकडा काढला. प्लगच्या दोन टोकांमध्ये फट असते, तिच्यात हा तुकडा जेमतेम सरकला पाहिजे, हे दाखवलं. फट कमी झाली तर ठिणगी अशक्त, जास्त झाली तर पडतच नाही. तो तुकडा त्यांनी दोऱ्यानं माझ्या भोकाला बांधून टाकला.

"आता परत बसव. आधी बोटानं फिरव. बोटानं जाईल तेवढा जाऊ दे, मग शेवटाला पाना. पहिल्यापासनं पाना लावलास आणि आटे तिरके धरले, तर इंजिनाचं हेड गेलं. ते मऊ असतंय."

शेवंताबाईंनी गाडी सुरू केली. बाबासो दोन पावलं लांब गेले, डोळे मिटून उभे राहिले आणि ऐकू लागले. ही त्यांची सवय होती. इंजिनाला काय होतंय, हे त्यांना डोळे मिटले की कळायचं.

निघायच्या दिवशी दोघं गाडीवरूनच कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर गेले. मी सीटखालच्या पेटीत होतो. मुंबईची गाडी लागली तेव्हा बाबासो म्हणाले, "दोन वर्षं तर हाईत. अशी जातील."

"गाडीची काळजी करू नका," शेवंताबाई म्हणाल्या.

"गाडीची न्हाय करत," बाबासो म्हणाले आणि एसटीत चढले.

त्या दिवशी शेवंताबाई पहिल्यांदाच एकट्या मोटरसायकल घेऊन घरी आल्या. पंचगंगेच्या पुलावर गाडी दोनदा बंद पडली. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

तीन महिन्यांत गाडी कुरकुरायला लागली. किक मारून मारून पाय भरून यायचा. शेवंताबाई मला काढायच्या, प्लग उघडायच्या, तर टोक काळंकुट्ट आणि ओलं. पुसून, घासून बसवला की पंधरा दिवस चालायचं, मग पुन्हा तेच. एका शनिवारी त्या राजारामपुरीत एका दुकानात नवा प्लग आणायला गेल्या. दुकानदारानं डबीतून एक काढून काचेवर ठेवला.

"हाच बसतोय सगळ्यांस्नी," तो म्हणाला.

शेवंताबाईंनी पिशवीतून जुना प्लग काढून त्याच्या शेजारी आडवा ठेवला. नव्याचे आटे दीडपट लांब होते.

"पावणं, ह्याचे आटे लांब हाईत," त्या म्हणाल्या. "आत गेला तर पिस्टन येऊन धडकंल ह्याला."

दुकानदारानं दोन्ही प्लग उचलून बघितले. "मालक न्हाईत का घरात?"

"घरात न्हाईत. पण सांगून गेल्यात."

त्यानं आखूड आट्यांचा, जुन्याच नंबरचा प्लग दिला. आणि तोही पंधरा दिवसांत काळा पडला.

तेव्हा शेवंताबाईंनी मस्कतला पत्र लिहिलं. लिहिता लिहिता त्या मोठ्यानं वाचायच्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. "सप्रेम जयभीम. प्लग वारंवार काळा पडतो. ऑईल मापात घालते. माझं काय चुकतं ते कळवावे."

उत्तर यायला महिना गेला. पत्र आलं तेव्हा मी टेबलावर होतो. शेवंताबाई उभ्या उभ्याच वाचू लागल्या.

"तुझं काहीच चुकत नाही. मी हायवेनं गाडी पळवत यायचो. इंजिन फार तापायचं, म्हणून थंड प्लग घातला होता. थंड प्लग स्वतःची उष्णता लगेच सोडून देतो. तू गावातल्या गावात, चिखलातून सावकाश जातेस. इंजिन तापतच नाही. तुला गरम प्लग पाहिजे. तो ऊब धरून ठेवतो आणि अंगावरची काजळी आपली आपण जाळतो. एकच पायरी गरम घे, जास्त नको. नुसत्या आकड्यावर जाऊ नको. एका कंपनीत आकडा वाढला की प्लग गरम असतो, दुसऱ्या कंपनीत थंड. विचारून घे. इकडं ऊन फार आहे. बाकी ठीक."

'तो ऊब धरून ठेवतो' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी आवाज बारीक झाला. मग पत्र घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

गरम प्लग आला आणि गाडीचं दुखणं गेलं. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शेवंताबाई प्लग काढून बघायच्या आणि पत्रात त्याचा रंग लिहायच्या. 'या महिन्यात बिस्किटासारखा आहे.' 'या महिन्यात किंचित काळसर आहे, पाऊस फार होता.' तिकडून यायचं, 'रंग ठीक वाटतो. टोकं घासून घे.' दोघांनाही गोड बोलायची सवय नव्हती. जे लिहायचं होतं, ते त्या रंगातूनच कळत असावं.

मलाही बाबासोंची आठवण यायची. लोखंडाला आठवण कसली, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यानं आपल्याला घडवलं, त्याच्या हाताची ओळख पुसत नाही. दोन वर्षं संपली, करार वाढला. १९९६ साली बाबासो पंचवीस दिवसांची सुट्टी काढून आले. मी पेटीत पडल्या पडल्या त्यांचा आवाज ऐकत होतो. आज काढतील, उद्या काढतील, असं वाटायचं. पण शेवंताबाईंनी गाडी इतकी नीट ठेवली होती की मला बाहेर काढायची गरजच पडली नाही. पंचवीस दिवस संपले. पेटीचं झाकण काही उघडलं नाही.

दोघांना मूल नव्हतं. गावातली किती बाळं शेवंताबाईंच्या हातावर जन्मली, पण या गोष्टीबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

१९९८ साली पत्र आलं की करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवलाय. बाबासोंनी विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. शेवंताबाईंनी ते पत्र डब्यात ठेवलं आणि उत्तर लिहिलं नाही. पुढच्या एक तारखेला पेटी उघडली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. असे आठ महिने गेले. मला ओल लागली, तोंडाशी गंज चढला. त्या गाडी चालवत होत्या, पण तिच्याकडं बघत नव्हत्या.

मग एका सकाळी मळ्यावरचे हंबीरराव सायकल दामटत आले. त्यांची बायको अक्षता बाळंत होत होती. पहिलीच खेप.

"नर्सबाई, चला," ते धापा टाकत म्हणाले. "पहाटंच पाणी गेलंय. बाळ येईना झालंय. आईला काय सुचंना."

"मी होतो पुढं. तुमी या मागनं," शेवंताबाई म्हणाल्या. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात.

अर्ध्या वाटेवर, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस असलेल्या वाटेत, गाडी फटफटली आणि बंद पडली. त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. इंजिन हूं की चूं करेना. माणसाचा मागमूस नव्हता. मळा अजून दीड कोस होता आणि बॅग जड होती.

शेवंताबाईंनी पेटी उघडली. इंजिन चुलीसारखं तापलं होतं. साडीचा पदर हाताला गुंडाळून त्यांनी मला प्लगवर बसवलं, पण पदर सारखा सुटत होता. बोटं भाजली. माझ्या अंगावर गंज होता, सळई भोकात अडकत होती. मित्रांनो, मला त्या वेळी जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही. अखेर प्लग निघाला. त्याची टोकं झिजून बोथट झाली होती आणि फट केवढीतरी वाढली होती. आठ महिन्यांत एकदा जरी बघितलं असतं, तरी दिसलं असतं.

बॅगेत एक नवा प्लग होता, पण हादऱ्यांनी त्याची फट मिटून गेली होती. माझ्या भोकाला बांधलेला तो पात्याचा तुकडा अजून तिथंच होता. शेवंताबाईंनी कात्रीच्या टोकानं फट उघडली, तुकडा सरकवून बघितला. सैल झाली. पुन्हा दाबली. आता तुकडा जेमतेम सरकला. मग प्लग आट्यांवर ठेवला आणि भाजलेल्या बोटांनी फिरवायला लागल्या. घाई होती, तरी त्यांनी मला हात लावला नाही. तो बोटांनी शेवटपर्यंत गेला, तेव्हाच मला बसवलं आणि अर्धा फेरा दिला.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

त्या पोचल्या तेव्हा हंबीररावांच्या आई धोंडुबाई दारातच बसल्या होत्या. बाळ झालं, पण रडलं नाही. निळंजांभळं पडलं होतं. मी बाहेर गाडीत होतो, मला फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. आतून शेवंताबाईंचा आवाज आला, "कापड द्या. कोरडं द्या." मग पुन्हा शांतता. ती किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. नंतर एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मग मोठा.

हात धुऊन शेवंताबाई बाहेर ओट्यावर बसल्या. धोंडुबाई म्हणाल्या, "बरं झालं आलीस बाई. आणि जरा उशीर झाला असता तर…"

"उशीर झालाच," शेवंताबाई म्हणाल्या. "माझ्यामुळं झाला."

धोंडुबाईंना त्यांची बोटं दिसली. त्या आत जाऊन लोण्याचा गोळा घेऊन आल्या आणि एकेका बोटाला लावत बसल्या.

त्या संध्याकाळी शेवंताबाईंनी पत्र लिहिलं. उजव्या हाताची बोटं भाजलेली, म्हणून अक्षर वाकडं आलं. "गाडी वाटेत बंद पडली. आठ महिने प्लग बघितला नव्हता. तुमच्यावरचा राग गाडीवर काढला. एका बाळाचा जीव जाता जाता राहिला. गाडी मी यापुढं सांभाळीन. पण मला आता एकटीला करमत नाही. तुम्ही या."

सहा वर्षांत असं त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं. बाबासोंचं उत्तर एका ओळीचं आलं. करार अर्ध्यात सोडून येतोय, एवढंच.

१९९९च्या डिसेंबरात ते आले. केस पिकले होते. बोलायचे कमी. शेवंताबाईंनी एक विचारलं की कधी कधी दुसऱ्याचंच उत्तर द्यायचे. लोक म्हणायला लागले, परदेशात राहून जरा शिष्ट झालेत.

चौथ्या दिवशी सकाळी ते गाडीजवळ आले. "चालू कर," म्हणाले. शेवंताबाईंनी किक मारली. बाबासो दोन पावलं लांब गेले, पाठमोरे उभे राहिले आणि डोळे मिटले. मी पेटीत आनंदानं थरथरत होतो. शेवंताबाई त्यांच्या पाठीकडं बघत होत्या. बघता बघता त्यांनी हळूच चावी बंद केली. इंजिन थांबलं. अंगणात चिमण्यांचा आवाज तेवढा राहिला.

बाबासो डोळे मिटून मान डोलवत होते. "चांगली चालतीया," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग पेटी उघडली, मला काढलं, प्लग सोडवला आणि फडक्यावर ठेवून त्यांच्यासमोर धरला. बाबासोंनी डोळे उघडले. प्लगकडं बघितलं, थांबलेल्या गाडीकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"कवा कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

शेवंताबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आल्या दिवशीच."

"पत्रा ठोकायच्या प्रेसच्या शेजारीच मशीन होतं माझं. दिवसभर धाडधाड. तिसऱ्या वर्षापासनं ऐकू कमी यायला लागलं." ते थांबले. "पत्रात कसं लिवायचं, कळंना."

शेवंताबाईंनी प्लग पुढं केला. बाबासोंनी बोटानं आटे धरले आणि सावकाश फिरवले. मग मला उचललं. सहा वर्षांनी ते हात माझ्यावर पडले. हात तेच होते, पण जपून जोर लावत होते. पूर्वी प्लग पुरता बसला की एक बारीक करकर व्हायची आणि ती ऐकून ते थांबायचे. आता ती करकर झाली, ती मला कळली, शेवंताबाईंना कळली. त्यांना नाही. ते आणखी फिरवणार, तेवढ्यात शेवंताबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बास," त्या म्हणाल्या.

मी त्या दोन हातांच्या आत होतो. एवढं जवळचं मला कधी काही मिळालं नाही, आणि पुढंही मिळालं नाही.

बाबासोंनी नंतर वडगावात छोटं लेथचं काम सुरू केलं. लेथच्या कामाला डोळे आणि हात लागतात, ते त्यांचे शाबूत होते. गाडी मात्र शेवंताबाईच चालवायच्या. बाबासो मागं बसायचे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. सुरुवातीला चावडीवरची माणसं हसली. नंतर सवय झाली.

२००७ साली शेवंताबाईंची बदली जयसिंगपूरच्या बाजूला झाली. त्यांनी नवी स्कूटर घेतली. तिचा प्लग बारीक, माझ्या तोंडात तो खुळखुळला. जुनी गाडी वडगावच्या एका गॅरेजवाल्यानं मागितली. तो न्यायला आला, तेव्हा शेवंताबाईंनी पेटीतून मला काढलं. मला वाटलं, मी त्यांच्याबरोबर जाणार. त्यांनी मला पदरानं पुसलं, हातात धरून उभ्या राहिल्या. बाबासो म्हणाले, "ऱ्हाऊ दे आपल्याकडं."

शेवंताबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "तिला दुसरा पाना लावतील, आटे जातील तिचे," असं म्हणून त्यांनी मला परत पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

आता ती गाडीही राहिली नाही. मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला आहे. टू-स्ट्रोक गाड्या आता कमीच येतात. कधी आठवड्यात एखादी येते, तेव्हा मला कोणीतरी उतरवतं. हात पडला की मी आधी त्याचा अंदाज घेतो, मग कामाला लागतो.

मित्रांनो, चालणाऱ्या वस्तूकडं कोणी बघत नाही. आपल्या माणसांचंही तसंच होतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी थांबून नीट बघत जा. बिघडायची वाट बघू नका. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं अवजार गंजत पडलं असेल, तर त्याला फडक्यानं पुसून जरा तेलाचा हात फिरवा. तेही कोणाची तरी वाट बघत असेल.